तीस मेंढ्या आणि उन्हाळीचं बी

आक्का,

शेंगा वाळल्या. आज सकाळी हर्सूलच्या वरच्या टेकडीवर गेले, तर उन्हाळीची झुडपं तपकिरी शेंगांनी लगडलेली. दव होतं, म्हणून शेंगा अजून गप्प होत्या. उन्हं चढेपर्यंत थांबले असते तर एकेक शेंग पिळवटून उघडली असती आणि बी लांब उडून गेलं असतं. हे तूच सांगितलेलं. "दव हाय तवर तोड. ऊन चढलं की ती कुणाचं ऐकत नाय." म्हणून ओढणीची झोळी करून गुडघ्यांवर बसून तोडत राहिले. थोड्या वेळानं लक्षात आलं, की किती शेंगा भरल्या ते मी मनात धरून ठेवतेय, फोनवर तुला सांगायला.

तू जाऊन आज बारा दिवस झाले.

कशानं गेलीस, किती वाजता, जवळ कोण होतं, हे दाजींनी वस्तीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. बिचारे दर वेळी पहिल्यापासून सुरू करायचे. ते सगळं मी इथं लिहिणार नाही. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचं आहे. दिवाळीत आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. तू विचारलेल्या एका शब्दाच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही आणि चहा उतू जातोय म्हणून उठले. चहा उतू जात नव्हता. तुलाही ते दिसत होतं.

सुरुवात मात्र पाटीपासून करावी लागेल.

तू चौथी पास झालीस त्या वर्षी आबांचा गुडघा गेला. मेंढरांमागं कुणीतरी जायला हवं होतं. मी नुकती पहिलीत बसले होते. आपल्या दोघींपैकी कोण जाणार, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. तू काठी घेतलीस आणि तुझी पाटी मला दिलीस. पाटीच्या लाकडी चौकटीवर तू खिळ्यानं 'कौसा' असं कोरलं होतंस. मी ते दगडानं घासून घासून काढलं आणि तिथं 'सुनीता' कोरलं. तू संध्याकाळी बघितलंस आणि म्हणालीस, "वेलांटी चुकली, पुसून नीट काढ." एवढंच. चौथीपर्यंतचं तुझं शुद्धलेखन माझ्या पदवीपर्यंत मला पुरलं.

शाळा सुटली की भाकरी घेऊन मी माळावर तुझ्याकडे यायचे. चैत्रात वैजापूरकडचा आपला तो माळ म्हणजे नुसता तापलेला मुरूम. गवत नाही, काही नाही. पण गुडघ्याएवढी उन्हाळी मात्र हिरवी असायची. बारीक बारीक पानं, तुरीच्या पोरीसारखी दिसणारी. मी एकदा ती उपटायला गेले तर मूळ निघेना. तू हसत होतीस. "वर हात-दीड हात हाय, पण खाली तिनं पार विहीर खणलीया. वढ, वढ. आज रातच्याला निघंल." शेवटी तूच काठीच्या टोकानं उकरून दाखवलंस. मूळ सरळ खाली गेलेलं, आणि बारीक मुळांवर राईच्या दाण्याएवढ्या गाठी. त्या गाठी जमिनीला खत देतात, हे मला पुढं बारा वर्षांनी एका जाड पुस्तकात सापडलं. तुला ते पुस्तकातून कळलेलं नव्हतं. "उन्हाळी जिथं दोन-चार सालं ऱ्हाती, तिथलं गवत काळंभोर येतं," एवढं तुला माहीत होतं.

कॉलेजला छत्रपती संभाजीनगरला आले आणि उन्हाळीचं लॅटिन नाव शिकले. सुट्टीत घरी आल्यावर ते तुला तीन वेळा म्हणून दाखवलं. आपल्या घरातली पहिली पदवी होणार होती, मला केवढा तोरा! तू लोकर विंचरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "झ्याक हाय की. मग त्या नावानं हाक मारली तर ती ओ देती का?"

नोकरी लागली ती एका संस्थेत, हर्सूलच्या पुढची उघडी टेकडी हिरवी करायच्या कामावर. टेकडी म्हणजे आपल्या माळाची सख्खी बहीणच. मागं दोनदा लावलेली झाडं वाळून गेली होती. मी साहेबांना म्हटलं, आधी उन्हाळी लावू. ती माती धरेल, माती सुधारेल, मग झाडं लावू. साहेब म्हणाले, करा. मला वाटलं, ज्या झाडाकडं बघत मी लहानाची मोठी झाले ते लावायला असं काय लागतं?

बी उगवेना. कवच इतकं टणक, की महिनाभर ओल्या मातीत राहून बी जसंच्या तसं. कुठंतरी वाचलं की गरम पाण्यात टाकावं. पाणी उकळून खाली उतरवायचं आणि मग बी टाकायचं, हे नीट वाचलं नाही. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खोलीत मी शेगडीवर पाणी ठेवलं, बी टाकलं आणि पंधरा मिनिटं खदखदून उकळलं. तुला फोनवर सांगितलं तर तू गंभीरपणे विचारलंस, "मीठ घातलं व्हतं का?"

"आक्का, चेष्टा करू नको."

"चेष्टा नाय गं. फोडणी तरी दिली असतीस. त्या बियाचा जीव तर गेलाच व्हता."

मग तू रीत सांगितलीस. जाड वाळूबरोबर बी पाट्यावर हलक्या हातानं घोळायचं, चकाकी जाईपर्यंत. चुरा होऊ द्यायचा नाही, फक्त वरचा साज उतरवायचा. रात्रभर पाण्यात टाकायचं. सकाळी जे फुगलं ते उगवणार. तसं केलं, आणि चौथ्या दिवशी काळ्या पिशव्यांतून हिरवे ठिपके वर आले. मी फोटो पाठवला. तू उलट निरोप धाडलास, "पिशवीत कामून?"

पिशवी कशाला, हे तुझं विचारणं मी कानावर घेतलं नाही. संस्थेत पिशव्यांतच रोपं करतात. ओळीनं ठेवता येतात, दाखवता येतात. पावसाळ्यात आम्ही ती टेकडीवर लावली, पाणीही घातलं. माघापर्यंत बहुतेक सगळी मेली.

त्याच सुमाराला तू आणि दाजी शहरात आला होतात. मी तुम्हाला टेकडीवर नेलं. तू एक वाळलेलं रोप धरलंस आणि ते सहज हातात आलं. मूळ गोल गोल फिरलेलं होतं, पिशवीच्या आकाराचं. जमिनीत सहा महिने राहूनही ते खाली गेलंच नव्हतं.

"हिला जागा बदलायची सवय नाय," तू म्हणालीस. "जिथं ऱ्हायचं तिथंच डोळं उघडावं लागत्यात. तुझ्यासारकं नाय तिचं, की वैजापुरात उगवली अन् हितं येऊन रुजली."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं. तरी मला ते वाळकं मूळ तुझ्या हातात बघवेना.

मग तू टेकडीकडे नुसती बघत राहिलीस. बराच वेळ. आणि म्हणालीस, "बी फेक. मिरगाच्या आठ दिस आधी. अन् वरून मेंढरं घाल."

मी तुला फाटकावरची पाटी दाखवली. 'चराई बंदी'. खाली मेंढीचं चित्र आणि त्यावर तांबडी फुली. तू पाटीजवळ गेलीस, निरखून बघितलंस. "ही तर आपली बांडी दिसती. हिचा फोटू कधी काढला गं यांनी?" दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण तू चेष्टा करत नव्हतीस. बी उघडं राहिलं तर मुंग्या नेतात, चिमण्या नेतात, पहिल्याच सरीत वाहून जातं. मातीत खोल गाडलं तर वर येत नाही. मेंढराचा खूर बी बरोबर तेवढंच दाबतो आणि वर बोटाच्या पेरभर खळगा करतो. त्या खळग्यात पाणी थांबतं. जिथं कळप बसून उठून गेला तिथं दुसऱ्या साली उन्हाळी दाट येते, हे तू तीस वर्षं बघत आली होतीस. "कळप सावकाश न्यायचा. एकदा असा, एकदा आडवा. अन् मग फुलं येस्तवर मेंढराचं नख बी तिथं दिसता कामा नये. तेवढं मी बघन."

मी वर्षभर नाही म्हणाले. ज्या जागेत मेंढरू येऊ नये म्हणून माझा पगार निघतो, तिथं मी मेंढरं कशी घालू? शेवटी एका रविवारी कबूल झाले. वॉचमन चाचांना त्यांच्या मुलीकडे धाडलं. जाता जाता त्यांना संशय आलाच. "मॅडम, कुछ बकरी-वकरी का चक्कर तो नहीं ना? मेरी नौकरी जाती." मी नाही म्हटलं. बकरी नव्हतीच, त्यामुळं खोटं बोलले असं मी मनात धरलं नाही.

त्या सकाळी दाजींनी टेम्पोतून तीस मेंढ्या उतरवल्या. मी फाटक उघडलं, इकडंतिकडं बघत, चोरासारखं. तू पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर बी फेकलंस, सुपातून, वाऱ्याच्या अंगानं. मग तोंडानं ती तुझी हाक काढलीस. बांडी पुढं, बाकीच्या मागं. तीस मेंढ्या उतारावरून एकदा उभ्या गेल्या, एकदा आडव्या. ना धावपळ, ना धूळ. अर्ध्या तासात सगळं झालं. तू फाटकाबाहेर पडताना पाटीवरच्या मेंढीला हात जोडलेस.

पुढचं तुला माहीत आहे. श्रावणात उतारावर हिरवी साय धरली. दिवाळीच्या आधी जांभळी फुलं आली. चैत्रात बाकीची टेकडी करपली आणि तो तुकडा तसाच हिरवा राहिला. आम्ही त्याला थेंबभर पाणी घातलं नव्हतं. साहेबांनी पाहुणे आणले. मला सगळ्यांपुढं उभं करून शाबासकी दिली आणि एक पुस्तिका लिहायला सांगितली, शेतकऱ्यांना आणि शाळांना वाटायला.

मी लिहिली. शेंगा कधी तोडाव्या, बी वाळूत कसं घोळावं, पिशवी का नको, खत-पाणी का नको, सगळं लिहिलं. सुरुवातीला लिहिलं, 'एका स्थानिक महिलेने दिलेल्या माहितीनुसार'. आणि मेंढ्यांच्या जागी लिहिलं, 'बी पेरल्यावर हलका दाब द्यावा.'

छापलेली पुस्तिका मी मोठ्या हौसेनं तुला आणून दिली. तू ओसरीवर बसून बोट ठेवून वाचलीस, एकेक अक्षर, मधे कुणाला बोलू न देता. वाचून झाल्यावर विचारलंस, "सुने, ही स्थानिक महिला कुठली? हर्सूलची का?"

मी पुढचं पान उलटून फुलांचा फोटो दाखवायला लागले.

"अन् हलका दाब म्हंजी? एकशेवीस खूर म्हंजी हलका दाब व्हय?"

तू हसून विषय सोडलास. पण त्या दिवसापासून तुझा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "हॅलो, स्थानिक महिला बोलतीया. मॅडम हायेत का?" मी हसायचे. दर वेळी हसायचे आणि दर वेळी आत काहीतरी टोचायचं.

मग लोकांचे फोन यायला लागले. एक गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहिलं तसं मी बी एकेक करून अंगठ्यानं दाबतोय. दोन गुंठे झाले. राहिलेलं दोन एकर कधी दाबू?" ते मी तुला हसत हसत सांगितलं. पण दुसऱ्या एका गावात लोकांनी हिवाळाभर शेंगा वेचल्या होत्या, बी घोळलं होतं, आणि दाब द्यायचा म्हणून वरून रोलर फिरवला. जमीन पाटासारखी झाली. एक कोंब वर आला नाही. तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या, "आमचंच काही चुकलं असंल." हे मी तुला सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस.

हीच गोष्ट तू दिवाळीत काढलीस. फराळाचं ताट पुढं होतं. तुझ्या हातात बियांची पुरचुंडी होती, जुन्या झंपराच्या कापडात बांधलेली, माझ्यासाठी राखून ठेवलेली.

मला वाटलं तू नावाबद्दल बोलणार. मी आधीच म्हटलं, "आक्का, पुस्तिका परत छापायची आहे. या वेळी तुझं नाव घालते."

"माझं नाव ऱ्हाऊ दे. मला काय कुठं सही कराया जायाचंय? मेंढरांचं लिव्ह."

"मेंढरांचं कसं लिहू? बंदीच्या जागेत मीच मेंढरं घातली, असं साहेबांना सांगू?"

"मेंढरंच घातली ना? वाघ तर न्हाय घातले?"

"तुला कळत नाही आक्का."

"नसंल कळत. नोकरी जाईल का तुझी?"

"जाणार नाही बहुतेक."

"मग?"

तिथं मी चहा बघायला उठले.

उत्तर मला माहीत होतं, आक्का. साहेब रागावतील ही भीती थोडीच होती. खरी गोष्ट ही, की त्या पाहुण्यांसमोर मला शाबासकी मिळाली ती माझ्या शिक्षणाची, अशी माझी समजूत होती. ती मेंढरांची होती असं लिहिलं, तर मी मेंढरांमागून आले हेही लिहिल्यासारखं होईल. संस्थेत कुणालाच ते ठाऊक नव्हतं. ज्या कळपामागं तू शाळा सोडून गेलीस आणि त्यामुळं मी शाळेत राहिले, त्याच कळपाची मला लाज वाटली. त्यासाठी मी एका गावाचं बी मातीत घातलं. 'मग?' या तुझ्या प्रश्नाला हे एवढं मोठं उत्तर होतं. मी ते देऊ शकले असते. तू रागावली नसतीस. "येडीच हायेस," म्हणाली असतीस आणि पुरचुंडी माझ्या हातात दिली असतीस. पुरचुंडी तर तू तशीही दिलीसच.

परवा, तुझ्या दहाव्याला, घाटावरून आल्यावर मी एकटीच माळावर गेले. दाजींनी कळप भावकीतल्या कुणाकडं तरी सोपवला होता. मी तुझी हाक काढून बघितली. मला येत नाही. एकही मेंढी वळली नाही. फक्त बांडीनं मान वर करून बघितलं, आता पार म्हातारी झाली आहे ती, आणि परत खाली तोंड घातलं. झाडांची लॅटिन नावं मी झोपेतही सांगेन. ती हाक कधी शिकून घेतली नाही. तू शिकवली असतीस.

काल कामावर गेले, तर टेबलावर दुसऱ्या छपाईची पानं तपासायला आलेली होती. 'हलका दाब द्यावा' वर मी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं:

'बी फेकल्यावर त्या जागेवरून तीस-एक मेंढ्यांचा कळप सावकाश न्यावा, एकदा उभा व एकदा आडवा. खुरामुळे बी योग्य खोलीवर दाबले जाते व खळग्यात पाणी थांबते. त्यानंतर फुले येईपर्यंत त्या जागेत मेंढ्या येऊ देऊ नयेत. आधीच्या पुस्तिकेत ही माहिती लपवली गेली होती. ती चूक लिहिणारीची आहे. ही सर्व रीत कौसाबाई यांची. त्यांनी तीस वर्षे मेंढ्या राखल्या.'

पानं घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी वाचलं, 'मेंढ्या' या शब्दावर पेन्सिल टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्या रविवारचं सगळं सांगितलं. फाटक, टेम्पो, चाचांना दूर पाठवलं तेही. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"या कौसाबाई म्हणजे त्या स्थानिक महिला?"

"माझी मोठी बहीण, सर. तिनं मेंढरं राखली म्हणून मी शिकले."

"त्यांना एकदा बोलवा इथं."

मी सांगितलं की तू गेलीस. ते उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही कळलं नसावं. मग बसून म्हणाले, "मला न सांगता केलंत, हे बरं केलं नाहीत. पुढच्या पेरणीची परवानगी लेखी मागा." मी तिथंच अर्ज लिहिला. सही करताना माझी वेलांटी बरोबर आली.

तुझं नाव ऱ्हाऊ दे म्हणाली होतीस, तेवढं एक मी ऐकलं नाही. त्या रोलरवाल्या गावातल्या बाईंनाही फोन केला. म्हटलं, तुमचं काही चुकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मेंढरं तर आमच्या शेजारच्या वाडीतच हायेत की.

आजच्या शेंगा खोलीत कापडाखाली वाळत घातल्या आहेत. दुपारभर तट तट आवाज येतोय. तू दिलेली पुरचुंडी अजून सोडलेली नाही. ती टाकीच्या वरच्या उतारासाठी ठेवली आहे, जिथं तू म्हणाली होतीस की पुढच्या टायमाला इथं. दाजींना विचारलं, मेंढरं आणाल का? ते म्हणाले, "आणीन. पण हाक कोण देणार?" म्हटलं, तोवर मला शिकवा. ते म्हणाले, तिच्यासारखी नाय यायची. म्हटलं, बांडीला ओळखू आली तरी पुरे.

ज्येष्ठात बांडी पुढं असेल. फाटक मी उघडीन, आक्का. या वेळी रविवारी नाही. भर कामाच्या दिवशी, चाचा हजर असताना.

तुझी,
सुनी